डावा कान

गिरगावातल्या आमच्या चर्चमध्ये वाजवलेला सूर छतापर्यंत जाऊन सावकाश खाली येतो. लहानपणी तिथल्याच कॉयरमध्ये मी व्हायोलिन शिकलो आणि पुढे स्वतःच्या रचनाही तिथेच रेकॉर्ड करत आलो. दोन व्हायोलिनसाठी एक मोठी रचना लिहिली, तेव्हा दुसरं व्हायोलिन माझ्या विद्यार्थिनीनंच वाजवायचं हे ठरलेलं होतं. ती भोईवाड्यातली, गिरणी कामगाराची मुलगी. शाळेत असल्यापासून माझ्याकडे शिकत होती. आता ऑफिस सुटलं की यायची.

अर्धं रेकॉर्डिंग झालं आणि एका सकाळी तिला डाव्या कानानं ऐकूच येईना. शीवच्या हॉस्पिटलात गोळ्या, इंजेक्शनं, सगळं झालं. त्या कानानं आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. व्हायोलिन आम्ही धरतो ते डाव्याच कानाशी.

तरी ती हट्टानं चर्चमध्ये आली. चार ओळी वाजवून थांबली.

"सर, हा माझा आत्ताचा सूर, की मघाचा घुमतोय?"

"आत्ताचा. चल पुढे."

"मला वेगळं करता येत नाहीये. सगळं एकात एक जातंय."

मग ती घुमणं विरेपर्यंत थांबायला लागली आणि दर वेळी माझ्या सुरांत उशिरा शिरू लागली. रेकॉर्डिंग करणारा माणूस खाली मान घालून बसून राहिला.

मी तिला दादरच्या एका स्टुडिओत नेलं. तिथे अजिबात घुमत नाही. तिनं बिनचूक वाजवलं, मग ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"हे चर्चसाठी लिहिलंय, सर. इथे मेल्यासारखं वाटतं. माझ्यासाठी नका बिघडवू."

तिचं खरं होतं.

उरलेला भाग मी चर्चमध्ये एकट्यानंच वाजवला, तिच्या जागा रिकाम्या ठेवून. रेकॉर्डिंग पाठवलं, पण उत्तर आलं नाही. फोन केला तर तिच्या आईनं उचलला. "सर, ती वायलिनाचा नाव काढूक देना नाय. तुम्ही रागावू नकात."

शेवटी मीच भोईवाड्याला गेलो. तिनं चहा केला, खुर्ची फिरवून उजवा कान माझ्याकडे केला आणि ऑफिसातलं काहीबाही सांगत राहिली.

"नवीन काय लिहिताय?" तिनं मधेच विचारलं.

काहीच लिहीत नव्हतो. तसं सांगितलं. तिनं मान हलवली आणि कप उचलून आत गेली.