भाकरीवरचं कोरड्यास

आमच्या आबांच्या ताटात भाकरीला आमटीचा थेंब लागलेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. डावीकडं भाकरी, उजवीकडं वाटी, मधे बोटभर मोकळी जागा. घास मोडायचा, वाटीत बुडवायचा, तोंडात टाकायचा. मी लहान असताना एकदा मामीनं मायेनं त्यांच्या भाकरीवरच पिठलं वाढलं, तर आबा, म्हणजे माझे वडील, उठले, हात धुतला आणि अंगणात जाऊन बसले. "बाई गं, काय नखरे तुझ्या नवऱ्याचे!" मामी आईला म्हणाली. आईनं नुसतं ताट झाकून ठेवलं. मला वाटायचं, माळेगावला साखर कारखान्यात फिटर असलेला माणूस, पाना पान्याच्या जागी, नट नटाच्या जागी, तीच शिस्त ताटात आली असणार. पन्नास वर्षं मी तसंच समजत आलो, आणि वर इतिहासाचा मास्तर म्हणवून घेतो.

बारामतीत पिझ्झा मिळायला लागला त्याला आता बरीच वर्षं झाली. लेक चौथीत असताना तिच्या वाढदिवसाला आम्ही तो पहिल्यांदा घरी आणला. खोका उघडला, आबांनी एकदा डोकावून पाहिलं, खुर्ची उचलली आणि गॅलरीत जाऊन बसले. पुढं ते ठरूनच गेलं. पिझ्झा आला की आबा गॅलरीत. "आबांना चीजचा वास सोसत नाही," असं बायको पाहुण्यांना सांगायची. आबांनी ते कधी खोडून काढलं नाही.

आणि नेमक्या ह्याच घरातल्या पोरीनं पिझ्झ्याचं दुकान काढायचं ठरवलं. पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट केलं, दोन वर्षं दुसऱ्याच्या भटारखान्यात घाम गाळला, आणि एक दिवस येऊन म्हणाली, "पप्पा, इंदापुरात गाळा बघितलाय. एसटी स्टँडपासून दोन मिनिटांवर." मी आधी भडकलो. माझा राग दुधासारखा आहे, उतू जातो आणि कुणी फुंकर घातली की खाली बसतो. ह्या वेळी फुंकर आबांनी घातली. "पोरगी सोताच्या पायावर हुबी ऱ्हातीया, तुझ्या पोटात का दुखतंय?" म्हणाले. हिला पुण्याला पाठवा म्हणूनही तेच मागं लागले होते. शाळेत असताना रोज सायकलवर पुढं बसवून नेणारेही तेच.

म्हणून तर तिचा हट्ट. उद्घाटनाला शटर आबा वर करणार आणि पहिला पिझ्झा आबाच खाणार. आबांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "शटर करतो की वर. खायाचं तेवढं सांगू नगंस, बाय." ती हो म्हणाली. पण थोड्या वेळानं स्वयंपाकघरात गेलो तर पीठ मळता मळता रडत होती. "दुकान माझं असेल आणि आबा बाहेर खुर्ची टाकून बसतील. मग काय अर्थ आहे, पप्पा?" ती म्हणाली. त्या क्षणी मी मनात पण केला, की आबांना आपण खायला लावायचंच.

मास्तर माणूस पण करतो म्हणजे काय करतो? वाचतो. पंधरा दिवस मी पिझ्झ्याचा इतिहास वाचून काढला आणि रोज सकाळी चहाला आबांच्या पुढ्यात बसून तो ओकू लागलो. "चालू झाला रेडिओ," बायको आतून म्हणायची.

पहिल्या दिवशी सांगितलं, की ज्या टोमॅटोशिवाय पिझ्झा होत नाही, तो टोमॅटो मुळात इटलीतला नव्हेच, अमेरिकेतून आला. आणि कितीतरी काळ लोक तो विषारी म्हणून खायला भ्यायचे. आबा म्हणाले, "आपल्याकडंबी मिरची तितनंच आली, असं तूच मागं सांगितलं व्हतंस. मग ठेचा खाताना मी तुझं भाषान ऐकत बसू का?"

दुसऱ्या दिवशी जगभराची सैर. अननस घातलेला पिझ्झा हवाई बेटांच्या नावानं ओळखतात, पण तो केला कॅनडात, आणि करणारा माणूस मूळचा ग्रीसचा. ब्राझीलमध्ये पिझ्झ्यावर मटार घालतात. जपानात मका आणि मेयोनीज. स्वीडनमध्ये केळ्याच्या चकत्या आणि वर करी पावडर. केळं ऐकल्यावर आबांनी कप खाली ठेवला. "केळं? चीजवर?" "होय आबा." "मग तितल्या लोकांची कीव करायची सोडून तू मला काय सांगतूस?" पण अर्जेंटिनात पिझ्झ्याच्या तुकड्यावर हरभऱ्याच्या पिठाची जाड पोळी ठेवून दोन्ही एकदम खातात, हे मात्र त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजी बेसनाचं धिरडं," ते म्हणाले. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

तिसऱ्या दिवशी मी हजार वर्षांपूर्वीचा एक कागद काढला. म्हणजे त्याची हकिकत. इटलीतल्या एका गावच्या दस्तऐवजात पिझ्झा हा शब्द सापडतो. गिरणी खंडानं चालवणाऱ्या कुळानं तिथल्या धर्मगुरूला ख्रिसमसला बारा आणि ईस्टरला बारा पिझ्झे द्यावेत, असा तो करार. आबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "म्हंजी तवापास्नं राबनाऱ्यानं द्यायचं आन् मोठ्यानं खायाचं. ह्यात नवीन काय हाय, मास्तर?" आबा मला मास्तर म्हणाले की समजायचं, पारा चढतोय. मला समजलं नाही.

उलट मला वाटलं, धागा सापडला. नेपल्स शहरातले हमाल, कोळी, रस्त्यावर राहणारे लोक उभ्याउभ्या हे खायचे. चपटी रोटी, तिच्यावर जे असेल ते, लसूण, चरबी, एखादा मासा. घडी घालायची आणि चालता चालता खायची, ताट नको की वाटी नको. बरी माणसं तिकडं बघून नाक मुरडायची. राणीनं पिझ्झा चाखला आणि तिचं नाव त्याला मिळालं, ही गोष्ट जगभर सांगतात, पण जाणकार तीही मानायला कचरतात. खुद्द इटलीतल्या पुष्कळ भागांत आजोबा-पणजोबांना पिझ्झा ठाऊकही नव्हता. पोटासाठी परदेशी गेलेल्या गरिबांनीच तो जगभर नेला. मी लेकीला म्हणालो, "अगं, पिझ्झा म्हणजे गरिबाची भाकरी आणि तिच्यावरचं कोरड्यास! आबांना हेच दाखवायचं. ज्वारीच्या पिठाचा बेस कर. वर पिठलं, ठेचा, कांदा. बघ कसे खातात!"

तिनं फार मनापासून केलं. लोणी भापकरहून आणलेल्या ज्वारीचं पीठ गव्हात मिसळून चार वेळा बिघडवलं, पाचव्यांदा जमलं. दुकानासाठी आणलेल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलंही, पिठलं-ठेचा पिझ्झा. रविवारी दुपारी तिनं तो आबांच्या पुढ्यात ठेवला. कडा खरपूस, मधे पिवळं पिठलं थलथलतंय, त्यात ठेचा मुरलाय. मी म्हणालो, "आबा, ही आपलीच भाकरी आहे की!"

आबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. तसा चेहरा मी आई गेली तेव्हा पाहिला होता. ते उठले, आणि ह्या वेळी गॅलरीत न जाता खोलीत गेले. दार लावून घेतलं. दोन दिवस लेकीशी एक शब्द बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझं दूध उतू गेलं. मी दार ढकलून आत गेलो आणि नको नको ते बोललो. "पोरगी आठवडाभर राबली. एक घास खाल्ला असता तर काय बिघडलं असतं? कसला एवढा ताठा?"

आबा पलंगावर बसून मोजे घालत होते. एक मोजा हातातच राहिला.

"ताठा न्हाय. बस हितं," ते म्हणाले. "तू इतिहास शिकवतूस न्हवं? मग ऐक. मी सात-आठ वर्सांचा व्हतो. माझी आय गावात घरोघर भाकर मागायला जायची. आपल्याला दारात जायला बंदी, लांब हुबी ऱ्हायची. भाकर वरनं टोपलीत टाकायचे. आपल्या हातात भांडं कोन देतंय? मग कोरड्यास कशात घ्यायचं? भाकरीवरच. एका घरचं पिठलं, दुसऱ्या घरची आमटी, तिसरीकडची कालची भाजी. घरला येस्तवर समदं एकात एक मुरलेलं आसायचं. आमी चौघं भावंडं तुटून पडायचो."

मी काहीतरी बोलणार होतो, त्यांनी हातानंच थांबवलं.

"मग आपन दीक्षा घेतली. त्या दिसापासनं आय गेली न्हाय. टोपली तिनं चुलीत घातली. म्हनाली, आता भाकरीवर कुनाचं घ्यायचं न्हाय. आपली भाकर, आपली वाटी. घरात कायबी नसलं तरी मिठाचा खडा वाटीत येगळा द्यायची." ते हातातला मोजा चाचपत राहिले. "आन् खरं सांगू का? ती मागून आनलेली भाकर मला लई ग्वाड लागायची. कडू लागली आसती तर कवाच इसरलो आसतो. ग्वाड लागायची, ह्याचीच लाज वाटती मला. अजून वाटती. आयला म्या कदी सांगितलं न्हाय."

मी शाळेत मुलांना ह्याच गोष्टी शिकवतो. पाण्यावरची बंदी, गावकीची कामं, दीक्षा, सगळं. परीक्षेत प्रश्नही काढतो. आणि ज्यानं ती भाकरी खाल्ली तो माणूस रोज माझ्यासमोर बोटभर जागा सोडून जेवत होता आणि मी त्याला नखरे समजत होतो. मला माझीच लाज वाटली. मी आबांच्या हातातला राहिलेला मोजा घेऊन त्यांच्या पायात चढवला.

लेकीला सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. रडली नाही. "मी त्यांच्यापुढं तेच वाढलं, पप्पा," एवढंच म्हणाली. मग ओलं फडकं घेऊन फळ्यावरची पिठलं-ठेच्याची ओळ पुसून टाकली. मी म्हणालो, "चूक माझी आहे." "हो," ती म्हणाली, "पण हात माझे होते." उद्घाटनाला आबांनी खायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. आबा येतील, शटर वर करतील, एवढंही खूप आहे असं आम्ही धरून चाललो.

आबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कारखान्याच्या निरोप समारंभातले बूट. बायकोनं त्यांच्यासाठी घरून डबा घेतला होता, म्हातारा माणूस तिथं उपाशी राहायला नको म्हणून. आबांनी दोन्ही हातांनी शटर वर केलं. शेजारच्या गाळ्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग ते सवयीनं बाहेर ठेवायला खुर्ची शोधू लागले.

"आबा, खुर्ची आत आहे," लेक म्हणाली.

आत एकच टेबल मांडलं होतं. तिनं ओव्हनमधून नुसता बेस काढला. गरम, फुगलेला, त्याच्यावर काही म्हणजे काही नाही. तो ताटात डावीकडं ठेवला. उजवीकडं तीन वाट्या. एकीत टोमॅटोचा सॉस, एकीत चीज, एकीत कांदा-ढोबळी मिरची. मधे बोटभर मोकळी जागा. तिनं हे आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ह्याच्यावर काय न्हाय?" आबांनी विचारलं.

"नाही. तुमची भाकरी, तुमची वाटी," ती म्हणाली. "बुडवून खा. नाही खाल्लंत तरी चालेल, आबा. फक्त आत बसा."

आबा बसले. बराच वेळ ताटाकडं बघत राहिले. मान वर करून फळ्याकडं पाहिलं. पुसलेल्या ओळीच्या जागी ओल्या फडक्याचा पांढुरका डाग राहिला होता. मग माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, डब्यात काय हाय?"

"भाकरी आणि पिठलं, आबा."

"पिठलं आन हिकडं."

त्यांनी स्वतः डबा उघडला, चमचा घेतला आणि पिठलं त्या गरम बेसवर ओतलं. चमच्याच्या पाठीनं कडेपर्यंत सारखं केलं. "अहो आबा, भाकरीवर?" बायको बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. "घरचंच हाय की," आबा म्हणाले.

त्यांनी तुकडा मोडला, घडी घातली आणि खाल्ला. सावकाश, डोळे मिटून. आम्ही तिघंही उभे होतो, कुणाला बसायचं सुचलं नाही.

"कसं लागतंय, आबा?" लेकीनं विचारलं.

आबांनी घास गिळला. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"लई ग्वाड लागतंय, बाय," ते म्हणाले. "आन् आज तसं म्हनायला लाज न्हाय वाटली."