गंजी पेटली तेव्हाचं माझं भाषण

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी नुकताच मास्तर. खामगावला शिकून आमच्याच गावच्या शाळेत लागलो होतो. येताना पदवीबरोबर मोठमोठे शब्दही घेऊन आलो. साधं "या, बसा" मला म्हणवत नसे.

शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. पाहुण्यांना उशीर झाला, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "ते येईपर्यंत तुम्ही बोला." मला तेवढंच पाहिजे होतं. सगळा गाव माझ्याकडे तोंड करून बसलेला. बोलता बोलता मला त्यांच्या पाठीमागे, आमच्या खळ्यात धूर दिसला. आमचीच कडब्याची गंजी पेटली होती. बैलांची वर्षाची वैरण!

ओरडायला हवं होतं. पण माइकसमोर ओरडणं मला गावंढळ वाटलं. मी म्हणालो, "बंधुभगिनींनो, या मंगल प्रसंगी एक क्लेशदायक वृत्त कथन करण्याचं दुर्दैव माझ्या वाट्याला आलं आहे. पूर्व दिशेस अग्निनारायणाने आपलं रौद्र रूप प्रकट केलं असून..."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे बसलेले वडील कौतुकाने मान डोलवत होते. मी घाबरून खळ्याकडे हात केला, तर तोही लोकांना भाषणातला हावभाव वाटला.

शेवटी कसाबसा "कडबा" हा शब्द माझ्या तोंडून निघाला. बायांमध्ये बसलेल्या आईने मागे वळून पाहिलं आणि ती किंचाळली, "गंजी पेटली! पया!"

मांडव क्षणात रिकामा झाला. विहिरीपासून खळ्यापर्यंत बादल्या, घागरी हातोहात जाऊ लागल्या. निम्मा कडबा वाचला. काळवंडलेल्या तोंडाने वडील माझ्यापाशी आले.

"काऊन बे, तुले निस्तं 'आग' म्हनता आलं नाही?"

"आलं असतं, पण त्या वेळी माझ्या मनात..."

"बस," म्हणाले आणि बिथरलेल्या बैलांकडे गेले.

पाहुणे आले तेव्हा सगळा गाव ओला आणि काजळलेला. आभार मानायला मला उभं केलं. घशात धूर गेलेला. "आभारी आहोत," एवढंच निघालं आणि मी खाली बसलो. त्यावर जशा टाळ्या पडल्या, तशा मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. हेडमास्तर कानाशी म्हणाले, "सुधारलात हो!" मलाही ते पटलं.

घसा मोकळा झाल्यावर मी चुलीपाशी बसून आईला थोडक्यात बोलण्याचं महत्त्व समजावून सांगू लागलो. तिच्या सगळ्या भाकरी थापून झाल्या, तरी माझी प्रस्तावनाच चालली होती.