पुढच्यासाठी जागा ठेवणाऱ्या साळवे मॅडम

सुनंदा साळवे मॅडम साठ वर्षांच्या झाल्या, यावर आमच्या ऑफिसात कोणाचा विश्वास बसत नाही. जिना चढताना आम्ही धापा टाकतो आणि त्या वरून विचारतात, "येताय ना?" त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, तो त्यांची सर्वांत जास्त बोलणी मी खाल्ली म्हणून असावा.

चिकलठाण्याच्या ऑफिसात मी मुलाखतीला गेले, ती बिडकीनहून बसने, पाठ केलेल्या व्याख्या तोंडात घोळवत. मॅडमनी एकही व्याख्या विचारली नाही. "घरी मिक्सर आहे?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. घाबरले की माझी बोली सुटते.

"चटणीचं भांडं काढून मोठं भांडं लावताना मोटर उघडता का?"

"नाय. खालचे दाते सारखेच असत्यात ना."

"सॉफ्टवेअरही असंच बांधायचं. बाकीचं आम्ही शिकवू," त्या म्हणाल्या. पुढे मी या विषयावरची जाडजूड पुस्तकं वाचली, पण लवचीक रचना मला कळली ती त्या खुर्चीत.

आमची छोटी कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करते. तिथं सारखं काहीतरी बदलतं: तपासणीचं यंत्र, सरकारी नियम, कधी अख्खा विभाग. अशा वेळी एका भागातल्या बदलाची झळ दुसऱ्याला लागता कामा नये, हा मॅडमचा आग्रह. त्यासाठी त्यांनी 'काढून बघू' नावाची प्रथा पाडली. शनिवारी चहानंतर चाचणीच्या प्रतीतला एखादा भाग कोणीही बंद करायचा आणि बाकीचं उभं राहतं का ते पाहायचं. ज्याच्या चुकीनं डोलारा कोसळेल, त्यानं सगळ्यांना इमरती खिलवायची. सगळ्यांत जास्त इमरती मॅडमच खात, म्हणून बंद करायचा भाग त्या मुद्दाम हेरून निवडतात असा आम्हाला दाट संशय होता.

पण लवचीकतेच्या नावाखाली केलेला पसाराही त्यांना खपत नसे. एकदा मी भविष्यात लागतील म्हणून ढीगभर सोयी आधीच करून ठेवल्या. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहुणे कोण येणार ठाऊक नाही, अन् तू ताटं वाढून बसलीस. अन्न वाया जाईल. पंगतीत नुसती जागा ठेव." मी तोंड फुगवून सगळं पुसलं. आज नव्या मुलींना मी हेच ऐकवते आणि त्या तोंड फुगवतात.

कुठलंही काम एकट्याच्याच डोक्यात राहू नये, हाही त्यांचाच नियम. त्यामागची माया मला आईच्या आजारपणात समजली. मी महिनाभर बिडकीनला होते, पण ऑफिसातून कामाचा एकही फोन आला नाही. एका रविवारी मॅडम मात्र स्वतः आल्या आणि आईशेजारी बसून शेंगा फोडत राहिल्या. त्या गेल्यावर आई म्हणाली, "एवढी मोठी बाई, पण गर्व कसा तो नाय. लई जीव लावती गं तुमाला."

साठीनंतर रोज येणार नाही, असं मॅडमनी गेल्या वर्षी जाहीर केलं तेव्हा आमचा धीर सुटला. त्यांच्याशिवाय आमचं निभेल का, ही धास्ती आम्हाला होती आणि बोलून दाखवत नसल्या तरी त्यांनाही होती.

त्यातच एका मोठ्या रुग्णालयातलं रक्ततपासणीचं यंत्र अचानक बंद पडलं आणि रुग्णालयानं घाईनं दुसऱ्याच बनावटीचं आणलं. त्याची भाषा आमच्या सॉफ्टवेअरला कळेना, त्यामुळे अहवाल वॉर्डात पोचेनात. शस्त्रक्रिया खोळंबल्या. तिथले मुख्य डॉक्टर म्हणाले, "साळवे मॅडमना बोलवा. नसतील येत तर आम्ही आपले कागदावर जातो." मॅडमचा फोन वाजत राहिला, उचलला कोणी नाही. अखेर मी आणि शहागंजचा आमचा सहकारी फैयाज, दोघं तिथंच रुग्णालयात कामाला बसलो. नव्या यंत्राशी बोलणारा तेवढा एक भाग लिहिला, तपासला, जुन्याच्या जागी बसवला. दुपारी पहिला अहवाल वॉर्डात दिसला. डॉक्टरांनी स्वतः यंत्रावरच्या आकड्यांशी ताडून पाहिला आणि शस्त्रक्रियागृहाकडे निरोप धाडला.

आम्ही चहासाठी खाली रुग्णालयाच्या कँटीनमध्ये गेलो, तर कोपऱ्यात मॅडम बसलेल्या. समोर रिकामे कप आणि उलटा ठेवलेला फोन. डॉक्टरांनीही त्यांना मेसेज केला होता, तो वाचताच सकाळीच त्या येऊन बसल्या होत्या. अगदीच अडलं असतं तर वर येणार होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "बाकी कशाला हात लावावा लागला?"

"काहीच नाही, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. "फोन वाजत होता अन् मी बघत होते. एवढं अवघड काम मी आजवर केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण आता मी नसले तरी चालेल."

फैयाज त्यांच्यासमोर बसला. "सिस्टिम तो चल जाएगी, मॅडम. हमारा कैसा होगा?"

मॅडमनी आमच्या दोघांच्या हातांवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मॅडम, तुम्ही इतकं नीट शिकवलंत की कामासाठी तुम्हाला हाक मारायची सोय आम्हाला उरली नाही. आता मारू ती निव्वळ मायेपोटी. त्या हाकेला ओ द्यायला तुम्ही ठणठणीत असा, शंभरी ओलांडा, आणि तेव्हा मात्र फोन पहिल्या घंटेला उचला.