‘आमच्याकडे’ म्हणजे कुणाकडे

प्रिय आर्या आणि निषाद,

“आजी, दोन्ही किडन्यांत गाठी आहेत. उजवीकडची कॅन्सरची वाटते,” डॉक्टर म्हणाल्या. मी पर्समधून वही काढली. लिहून घेतलं की मला धीर येतो. शेजारची खुर्ची रिकामी होती.

लघवी दोनदा लाल झाली, म्हणून फुलपाड्याच्या घरून रिक्षाने एकटीच तपासायला गेले होते. सिस्टरने विचारलं, “आजी, सोबत कोण?”

“पर्स,” मी म्हटलं. ती हसली. फॉर्मवरचा ‘नातेवाईक’ हा रकाना मात्र कोराच राहिला.

‘फॅमिली हिस्टरी’, म्हणजे घराण्यातले आजार, मी नीट भरले होते. सासऱ्यांना मधुमेह, सासूबाईंना दमा, भावजींना हृदयविकार.

“ही कुणाकडची माणसं?” डॉक्टरांनी विचारलं.

“आमच्याकडची.”

“म्हणजे सासरची! आजी, त्यांचं रक्त तुमच्यात कुठून येणार?”

मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली बाई. ‘आमच्याकडे’ या शब्दातून माझं माहेर कधी गळालं, मला कळलंच नव्हतं.

माहेर होळी नावाच्या गावात, भाजीची वाडी. माझा मोठा भाऊ, दादा, तरुणपणीच म्हणायला लागला, “बायो, पानी तूच सोड, मना वाफा दिसत नाय.” आई म्हणायची, ऊन बाधलं. पुढे त्याच्या मेंदूत गाठ निघाली आणि तो गेला. हे मी सांगितल्यावर डॉक्टरांनी लगेच जनुकीय तपासणी लिहून दिली.

निकाल यायला बरेच दिवस लागले. ट्यूमर सप्रेसर जीन म्हणजे पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालणारी जनुकं. त्यांतलं व्हीएचएल नावाचं माझं बिघडलं आहे. त्याच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, वडिलांकडून एक. माझी एक जन्मापासून निकामी. दुसरी इतकी वर्षं एकटीच काम ओढत होती. किडनीच्या काही पेशींत तीही बिघडली आणि तिथे गाठी धरल्या. दादाचे डोळे आणि मेंदूही त्यातूनच गेले असावेत, असं डॉक्टरांना वाटतं.

उजवीकडची गाठ काढली. डावीकडची लहान आहे, तिच्यावर लक्ष आहे. संध्याकाळी वॉर्डात बाकी सगळ्यांचे घरून डबे यायचे, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडायचे.

माझ्या लेकीत हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी. तुमच्या आईला फोन केला, तर म्हणाली, “आई, आमच्याकडे कुणालाच नाही गं असलं काही.”

“आमच्याकडे म्हणजे कुणाकडे, मेधा?”

गेल्या आठवड्यात तिने तपासणीसाठी रक्त दिलं.

तिच्यात दोष नसेल, तर तुम्ही दोघं मोकळे. असेल, तर तुम्हीही तपासून घ्या. गाठ लहान असताना सापडली तर उपाय होतो. दादाला हे सांगणारं कुणी नव्हतं. मला भेटलं, याचं मोल मला कळतं.

निकाल काहीही येवो. कुठल्याही दवाखान्यात ‘फॅमिली हिस्टरी’चा रकाना आला, की त्यात आजीला लिहा. मी तुमच्याकडचीच आहे.