खिडक्यांची तबकडी आणि खरात सर

खरात सरांना यंदा पंचाहत्तर पूर्ण होतात. या गौरव अंकात शिकलेली माणसं त्यांच्याबद्दल चांगलं लिहितील. मी चौथी शिकलेली, खुलताबादजवळ मिरची लावणारी बाई. तरी मला विचारलं म्हणून लिहिते, अन् जे झालं तेच लिहिते.

सरांची माझी ओळख माझ्या येडेपणातून झाली. सात वर्षं झाली. चैतात दिवस मावळताना माझी सून कल्पना अन् मी बांधावर होतो. तिला पाचवा महिना. आभाळातून चांदीसारखी चकाकती तबकडी गरगरत आली. तिला ओळीनं गोल खिडक्या, खिडक्यांतून उजेड. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कल्पना वर बघता बघता कोसळली.

"त्यातल्यांनी पोरीला धरलं," असं पहिल्यांदा मीच म्हणाले. गावानं ते उचलून धरलं. दोन दिवस मी तिला आतल्या खोलीत कोंडलं, दवाखान्याचं नाव काढू दिलं नाय. पोरगी पांढरीफटक पडत चालली, ते मला तबकडीचंच लक्षण वाटलं.

सर शहरात औरंगपुऱ्यातल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आभाळात काही अजब दिसल्याची खबर कळली की स्कूटर काढून तिथं जातात. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे.

"आलात का तमाशा बघायला?" मी म्हणाले.

"नाही अक्का. तुम्ही काय पाहिलंत, ते लिहून घ्यायला आलो."

ते हसले नाहीत. मला हात लांब करायला लावून तबकडी किती बोटं रुंद दिसली ते मोजलं. वारा कुठून होता ते विचारलं. आवाज विचारला.

"फडफडत होती," मी म्हणाले.

सरांची पेन्सिल थांबली. "यंत्र फडफडतं का हो, अक्का?"

वारा गेला त्या बाजूला आम्ही चालत निघालो. ओढ्याकाठच्या बाभळीवर ती लटकलेली. वाफ्यावर अंथरतात तो चंदेरी मल्चिंग पेपर, वावटळीनं उचललेला. खिडक्या म्हणजे रोपांसाठी पाडलेली भोकं. सरांनी कागद माझ्यापुढं धरला अन् मी भोकांवरून बोट फिरवलं. आम्ही डब्यात निखारे भरून, तो टेकवून भोकं पाडतो. माझा डबा एका अंगानं चेपलेला. तिथली एकूण एक खिडकी एका अंगानं चपटी होती. जुना कागद उपसून, वर दगड न ठेवता बांधावर मीच टाकला होता.

सरांना माझ्या तोंडावरूनच कळलं. म्हणाले, "कागद कुणाचा, हे गावाला कळायची गरज नाही. सूनबाईंना दवाखान्यात कोण नेतंय, तेवढं सांगा."

"मीच नेते."

अंगात रक्तच उरलं नव्हतं तिच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून दोन दिवस ठेवली असती तर दोन्ही जीव गेले असते." रक्त चढवलं अन् दोन्ही जीव वाचले.

सरांनी गावाला कागद दाखवला, माझं नाव मात्र आजवर घेतलं नाही. लासूर स्टेशनला शुक्राच्या चांदणीला तबकडी समजून लोक घाबरले, तेव्हाही सर कुणाला अडाणी म्हणाले नाहीत, असं ऐकते. मला म्हणाले असते तरी चाललं असतं.

कागद माझा होता, हे कल्पनाला अजून ठाऊक नाय. अंक घरी आला की ती वाचील. तिला काय बोलायचं ते बोलू दे, मी ऐकून घेईन.

सरांना मोठी उमर लाभो. नजर, गुडघे अन् स्कूटरची किक शाबूत राहोत. आभाळाकडं बोट दाखवून घरातल्या लेकीसुना कोंडणाऱ्या माझ्यासारख्या अजून लई जणी हायत, अन् सरांना त्यांच्या दारी जायचंय.