चौकशीवाले मामा

स्थळ आलं की मामा आधी मुलगा बघत नसत, त्याचं गाव बघत. तेही न कळवता. एसटीतून उतरायचं, आपल्याला वाटेल त्या दारात पाणी मागायचं आणि बोलता बोलता मुलाची माहिती काढायची. माझ्या बायकोचे हे मामा आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे. आमचं लग्नही त्यांनीच जमवलं.

"घाई करनाऱ्या पाव्हन्याचं कायतरी झाकलेलं असतंय," असं ते म्हणत. मी मान डोलवत असे, आणि विसरत असे.

वसमतला माझं कापडाचं दुकान आहे. एका सकाळी बँकेचा ईमेल आला : 'सन्माननीय ग्राहक, आजच माहिती न भरल्यास आपले खाते बंद होईल.' लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे त्याच खात्यात होते. माझं धाबं दणाणलं. तरी 'सन्माननीय' वाचून छाती थोडी फुगलीच; बँकेत आजवर मला कुणी 'बसा'देखील म्हटलेलं नव्हतं. खालच्या निळ्या अक्षरांवर बोट दाबताच फोनवर एक अर्ज उघडला; त्यात मी खाते क्रमांक भरला आणि पासवर्ड आठवू लागलो.

मामा दुकानात चहा पीत बसले होते. "काय करून राहिला?"

"बँकेचं पत्र आहे, मामा."

"बँकेचं म्हनून तेच सांगतंय. गाव कोनतं त्याचं?"

पाठवणाऱ्याच्या नावावर बोट दाबलं तर मागचा पत्ता उघडला. त्यात बँकेचं नाव औषधालाही नव्हतं, नुसती अक्षरांची खिचडी.

"आन तुजं नाव काहून न्हाई लिवलं? खातं तुजंच हाय ना?"

"मामा, ही सोयरीक नाही," मी चिडून म्हणालो. तरी त्यांच्या समाधानासाठी ईमेलमध्येच दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस 'सर, सर' करत म्हणाला, ईमेल आमचाच आहे. मी लढाई जिंकल्यासारखं मामांकडे पाहिलं.

"येडा हायस का? पाव्हन्यानंच दावलेल्या शेजाऱ्याला इचारत असतेत व्हय?" त्यांनी फोन काढून घेतला आणि मला बँकेत नेलं.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, "आम्ही असे ईमेल पाठवत नाही. पासवर्ड दिला नाहीत ना?" नव्हता दिला. पैसे वाचले, लेकीचा प्रवेश झाला. पुढे मामांनी हा किस्सा दर लग्नाच्या पंगतीत सांगितला, आणि दर खेपेला मी थोडा अधिक बावळट होत गेलो.

मामा शेवटच्या आजारात असताना मी विचारलं, "माझी चौकशी केली नव्हती का हो तुम्ही?"

"केली की. समदं गाव म्हनलं, पोरगं लई भोळं हाय, कुनीबी फसवंल त्याला." त्यांना धाप लागली. "म्हनलं, मंग हे आपल्या पोरीला काय फसवनार? तवाच ठरवलं."

आठवड्याभरात मामा गेले. फार पोरकं वाटलं.

आता लेकीसाठी स्थळं बघत मी एकटाच गावोगाव हिंडतो. मुलगा हुशार आहे, कमावता आहे, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. भोळा आहे, असं अजून कुणीच सांगितलेलं नाही.