न्हावऱ्याची सून आणि झोपेची पावडर

न्हावऱ्याच्या त्या सुनेची चौकशी निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. शिरूरच्या एका दवाखान्यातून आमच्या पोलीस ठाण्यात वर्दी आली. वयस्कर बाई बेशुद्ध, विषबाधेचा संशय. मागोमाग बाईंचा धाकटा मुलगा ठाणे अंमलदारासमोर येऊन उभा राहिला. "सायेब, वहिनीनंच काय तरी घातलंय. आईला रातीचं दूध तीच देती." हेच तो अख्ख्या गावात ओरडून आला होता.

झडतीत फवारणीची औषधं मिळाली. ती कुठल्या शेतकऱ्याच्या घरी मिळत नाहीत? महिला पोलिसांनी सुनेला जीपमध्ये बसवलं, तेव्हा गाव दारादारांत उभं होतं.

"सासूला काय दिलंत? औषध, गोळी?"

"न्हाई सायेब. औषध न्हाई, गोळी न्हाई. रोजच्यावानी दूध दिलं."

खोटं बोलणारा माणूस पुन्हा पुन्हा विचारलं की गोष्ट सजवत जातो. ही रडत होती, पण गोष्ट तेवढीच राहिली. बाई खरं बोलते आहे, याबद्दल मला शंका उरली नाही. मग मी तिला दिरासमोर तिच्याच स्वयंपाकघरात उभं केलं. "त्या रात्री जसं केलंत, तसंच करून दाखवा."

तिनं दूध तापवलं, साखरेशेजारचा डबा काढला आणि दोन चमचे पावडर टाकून ढवळली.

"हे काय?"

"हे व्हय? झोपंसाठीची अश्वगंधा. झाडपाल्याचं हाय. ह्यो नवा डबा भाऊजींनीच आणलाया शिक्रापूरवरनं."

दिराचं तोंड उतरलं. झाडपाला हेही औषधच, हे दोघांच्याही मनाला शिवलं नव्हतं.

शिक्रापूरचा विक्रेता रात्रपाळीच्या कामगारांत चांगलाच प्रसिद्ध होता. "शंभर टक्के नॅचरल, सायेब!"

"मग दूध मागवतो. घ्या दोन चमचे."

"आत्ता नको. गाडी चालवायचीय."

मला तेवढं पुरलं. औषध निरीक्षकांना घेऊन झडती घेतली, तर माळ्यावर झोपेच्या गोळ्यांची पाकिटं आणि दळायचा मिक्सर. गडी निर्लज्जपणे म्हणाला, "पहिल्याच रात्री गुण आला न्हाई, तर गिऱ्हाईक परत येत न्हाई." पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही पावडरीत त्याच गोळ्या निघाल्या.

सासू शुद्धीवर आली. दीर वहिनीपुढे हात जोडू लागला, तशी ती म्हणाली, "माज्यापुढं कशाला? गावात बोंबललात न्हवं? तिथंच सांगा."

मला तिचं शंभर टक्के पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना जीपमध्ये घेतलं आणि थेट दूध डेअरीवर नेलं. दूध घालायला सगळं गाव तिथंच जमलेलं असतं. "बोला," मी दिराला म्हणालो. तो रडत रडत सगळं बोलला. वहिनी शेवटपर्यंत ताठ मानेनं उभी होती, आणि मला तिचा अभिमान वाटला.

आपण माणसाला नेतो तेव्हा सगळं गाव बघतं, आणि तो निर्दोष ठरतो तेव्हा फक्त कागदाला कळतं. त्यानंतरच्या नोकरीत माझ्या हातून निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाला मी दिवसाढवळ्या, त्याच जीपमधून, त्याच्या दारापर्यंत सोडलं.